उपग्रह खाली का पडत नाही?

(सुरतेतील नवागाम परिसरातील मराठी भाषिक नागरिक, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सुरत शहराच्या आग्नेय भागात, उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या परिसरात नवागाम वसले आहे. एकेकाळचे हे स्वतंत्र खेडे आज महानगरात सामावले गेले आहे. येथील यंत्रमागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत काम करणारी असंख्य कुटुंबे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती अशा तीन भाषा येथील मुले सहजपणे बोलतात.

या वस्तीतील घरांच्या गच्च्यांकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. ज्या घरांवर दूरदर्शनच्या विनामूल्य सेवेची, म्हणजे डीडी फ्री डिशची छत्री बसविलेली आहे, त्या सर्व छत्र्यांची तोंडे एकाच दिशेला, आग्नेयेला वळलेली असतात. एक छत्री पूर्वेला आणि दुसरी पश्चिमेला असे कोठेही आढळत नाही. दिवस असो वा रात्र, उन्हाळा असो वा पावसाळा, त्यांची दिशा बदलत नाही. त्या दिशेला आकाशात डोळ्यांना काहीच दिसत नाही. तरीही तेथे, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर जीसॅट-१५ हा भारतीय उपग्रह आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याचे प्रक्षेपण झाले.

येथे एक साधा प्रश्न उभा राहतो. झाडावरून सुटलेला आंबा खाली येतो, हातातून निसटलेली बादली विहिरीत जाते. मग काही टन वजनाचा हा उपग्रह कशाच्याही आधारावाचून आकाशात राहतो कसा? तो खाली का पडत नाही?

शास्त्राने याचे दिलेले उत्तर प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. उपग्रह खाली पडतच असतो. तो अखंड पडत असतो, परंतु जमिनीवर पोहोचत मात्र नाही. चंद्र असाच पृथ्वीकडे पडतो आहे आणि पृथ्वी सूर्याकडे. या अखंड पडण्याच्या वाटेलाच 'कक्षा' म्हणतात. हे एक सूत्र नीट समजले म्हणजे ग्रह, चंद्र आणि अंतराळयाने यांच्या गतीचे कोडे बव्हंशी उलगडते.

दगड, तोफ आणि पृथ्वीची गोलाई

उंच टेकडीवर उभे राहून एक दगड समोर आडवा फेकला, तर तो पुढे जाता जाता खाली येतो आणि काही अंतरावर जमिनीस लागतो. अधिक जोराने फेकला, तर अधिक दूर जाऊन पडतो. इंग्लंडचे शास्त्रज्ञ सर आयझॅक न्यूटन यांनी हीच कल्पना पुढे नेली. अत्यंत उंच पर्वतावर एक तोफ ठेवली आणि तिचा गोळा अधिकाधिक वेगाने सोडत गेले, तर काय होईल, असा प्रश्न त्यांनी विचारला.

पृथ्वी सपाट असती, तर गोळा कितीही वेगाने सोडला तरी अखेर जमिनीवर आलाच असता. परंतु पृथ्वी गोल आहे. आडव्या सरळ रेषेत सुमारे ७.९ किलोमीटर पुढे गेले असता पृथ्वीचा पृष्ठभाग त्या रेषेपासून ४.९ मीटर खाली वळलेला असतो. दुसरीकडे, कोणतीही वस्तू मोकळी सोडली असता पहिल्या सेकंदात ती ४.९ मीटरच खाली येते. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. तोफेच्या गोळ्याचा वेग सेकंदास ७.९ किलोमीटर असला, तर एका सेकंदात तो ४.९ मीटर खाली पडेल हे खरे. परंतु तेवढ्याच अवधीत त्याच्याखालची जमीनही ४.९ मीटरनेच खाली वळलेली असेल. गोळा आणि जमीन यांतील अंतर पूर्वीइतकेच राहील. पुढच्या सेकंदात पुन्हा तेच. हवेचा अडथळा नसेल, तर असा गोळा पृथ्वीला प्रदक्षिणा घालून मूळ जागी परत येईल आणि तसाच फिरत राहील.

हा वेग किती मोठा आहे, याची कल्पना नवागामच्या रहिवाशांना त्यांच्या नेहमीच्या प्रवासावरून करता येईल. सुरत ते जळगाव हे सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर या वेगाने अवघ्या चाळीस सेकंदांत संपेल.

यावरून अग्निबाणाचे खरे कार्यही ध्यानात येते. उपग्रहास केवळ उंच नेणे एवढेच त्याचे काम नसते. उपग्रहास आडव्या दिशेने पुरेसा वेग देणे हे त्याहून मोठे आणि अवघड काम होय. नुसताच उंच नेऊन सोडलेला उपग्रह दगडासारखा परत खाली येईल.

अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, असा एक समज शिकलेल्या लोकांतही आढळतो. तो बरोबर नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. तेथे पृथ्वीचे आकर्षण जमिनीवरील आकर्षणाच्या जवळजवळ नऊ-दशांश इतके असते. तेथील अंतराळवीर तरंगताना दिसतात, याचे कारण ते स्वतः आणि त्यांचे यान दोन्ही एकाच गतीने पडत असतात.

चंद्रालाही तोच नियम

पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्र सरासरी ३ लक्ष ८४ हजार किलोमीटर दूर आहे. पृथ्वीच्या त्रिज्येच्या हे अंतर सुमारे साठपट होते. अंतर दुप्पट झाले की आकर्षण एक-चतुर्थांश होते आणि तिप्पट झाले की एक-नवमांश, असा न्यूटनचा नियम आहे. त्यानुसार साठपट अंतरावर आकर्षण ३६०० पटींनी कमी व्हावयास हवे. म्हणजे जमिनीजवळची वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडत असेल, तर चंद्र एका सेकंदात सरळ रेषेपासून पृथ्वीकडे जेमतेम १.४ मिलिमीटर सरकला पाहिजे. चंद्राच्या प्रत्यक्ष गतीवरून हिशेब केला असता नेमके हेच उत्तर येते. झाडावरील फळास ओढणारी शक्ती आणि चंद्रास कक्षेत ठेवणारी शक्ती एकच आहे, हे या हिशेबाने दाखवून दिले. न्यूटनचा हा ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध झाला.

या संदर्भात खानदेशातून आलेल्या मंडळींना अभिमान वाटावा, असे एक नाव सांगणे उचित ठरेल. बाराव्या शतकातील थोर गणिती भास्कराचार्य यांचा जन्म इ. स. १११४ चा. चाळीसगावनजीकच्या पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख आहे. 'सिद्धांतशिरोमणी' आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन झालेल्या मठास मिळालेल्या दानाची नोंद त्यात असून लेखाच्या अखेरच्या ओळी मराठीत आहेत. पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती असून तिच्यामुळे जड वस्तू पृथ्वीकडे ओढल्या जातात, असा विचार भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात मांडला आहे. ग्रहांच्या क्षणोक्षणीच्या गतीचे गणितही त्यांनी केले.

त्याबरोबरच हेही सांगितले पाहिजे, की भास्कराचार्यांच्या मांडणीत पृथ्वी स्थिर होती आणि ग्रह तिच्याभोवती फिरत होते. अंतरानुसार आकर्षण किती कमी होते, याचा नियम पुढे न्यूटनने दिला. पूर्वजांचे खरे मोठेपण त्यांनी प्रत्यक्ष केलेल्या कार्यातच पुरेपूर आहे. त्यांनी न सांगितलेले त्यांच्या नावावर मांडण्याची आवश्यकता नाही. भारताने जून १९७९ आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये पाठविलेल्या दोन उपग्रहांना 'भास्कर' हे नाव दिले. सातव्या शतकातील भास्कर आणि बाराव्या शतकातील भास्कराचार्य या दोघांच्याही स्मृतीचा तो गौरव होता.

केप्लरचे नियम आणि गच्चीवरील छत्री

न्यूटनच्या पूर्वी जर्मन ज्योतिर्विद योहान केप्लर यांनी ग्रहांच्या वेधांवरून ग्रहगतीचे तीन नियम शोधून काढले होते. त्यांतील दोन १६०९ साली आणि तिसरा १६१९ साली प्रसिद्ध झाला. साध्या शब्दांत ते असे सांगता येतील.

पहिला नियम असा, की ग्रहाची कक्षा अचूक वर्तुळ नसून किंचित लांबट, म्हणजे लंबवर्तुळाकार असते आणि सूर्य तिच्या मध्यभागी नसून थोडा एका बाजूस असतो. दुसरा नियम असा, की ग्रह सूर्याजवळ असताना वेगाने जातो आणि दूर असताना मंद होतो. तिसरा नियम असा, की कक्षा जितकी मोठी तितका प्रदक्षिणेस अधिक काळ लागतो आणि हे प्रमाण ठरलेले असते. प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो.

पहिल्या नियमाच्या संदर्भात शिक्षकांनी विद्यार्थ्यांची एक चूक अवश्य दुरुस्त करावी. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा होतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या प्रारंभी येते. त्या वेळी हे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटर असते आणि खानदेशात हुडहुडी भरलेली असते. जुलैच्या प्रारंभी ते १५ कोटी २१ लक्ष किलोमीटर होते. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे.

तिसऱ्या नियमाचा पडताळा तर शाळेच्या फळ्यावर घेता येतो. दूरदर्शनचा उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४२,२०० किलोमीटर अंतरावर आहे. चंद्र त्याच्या साधारण नऊपट दूर आहे. नऊचा घन ७२९ आणि ७२९ चे वर्गमूळ २७. म्हणजे उपग्रहास प्रदक्षिणेसाठी एक दिवस लागत असेल, तर चंद्रास सुमारे २७ दिवस लागावयास हवेत. चंद्राचा प्रदक्षिणाकाळ प्रत्यक्षात २७.३ दिवस आहे. मानवाने बनविलेला उपग्रह आणि निसर्गाने निर्मिलेला चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत, याचा यापेक्षा सोपा पुरावा मिळणे कठीण.

गच्चीवरील छत्री का हलवावी लागत नाही, याचे उत्तरही येथेच मिळते. त्या उंचीवरील उपग्रहास एका प्रदक्षिणेला २३ तास ५६ मिनिटे लागतात. पृथ्वीही स्वतःभोवतीची एक फेरी तेवढ्याच वेळात पूर्ण करते. उपग्रह विषुववृत्ताच्या वर राहून पश्चिमेकडून पूर्वेकडे, पृथ्वीच्या फिरण्याच्याच दिशेने जातो. त्यामुळे सेकंदास तीन किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असूनही जमिनीवरून तो एकाच जागी स्थिर भासतो. अशा उपग्रहास भूस्थिर उपग्रह म्हणतात. जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर सुरत सुमारे ७३ अंशांवर. उपग्रह विषुववृत्तावर म्हणून दक्षिणेस आणि रेखांश अधिक म्हणून पूर्वेस. या दोहोंमुळे नवागामच्या छत्र्या आग्नेयेकडे पाहतात.

याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी, सकाळी अकराच्या सुमारास, काही दिवस ओळीने सूर्य आकाशात नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी काही मिनिटे चित्र बिघडते किंवा नाहीसे होते. यात छत्रीचा दोष नसतो. घर, उपग्रह आणि सूर्य एका रेषेत आल्याने सूर्याच्या लहरी उपग्रहाच्या क्षीण संदेशावर मात करतात. थोड्या वेळाने सूर्य पुढे सरकतो आणि चित्र पूर्ववत होते.

आर्वी, अॅपल आणि बैलगाडी

उपग्रहाशी संबंध जोडण्याच्या कामात महाराष्ट्राच्या भूमीचा वाटा आरंभापासून आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ साली देशातील पहिले व्यापारी उपग्रह-दळणवळण केंद्र सुरू झाले. हिंदी महासागरावरील भूस्थिर उपग्रहामार्फत परदेशांशी दूरध्वनी व तारा यांचे दळणवळण तेथून होऊ लागले. या केंद्रास विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले.

त्यानंतर ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' हा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा एक उपग्रह त्यासाठी वर्षभर उपलब्ध करून घेण्यात आला आणि सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या छत्र्या उभारून शेती, आरोग्य व शिक्षणविषयक कार्यक्रम थेट पोहोचविण्यात आले. या कार्यक्रमाचे व्यवस्थापन कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस यांच्याकडे होते. ज्या खेड्यांत रस्ता नव्हता, तेथेही आकाशमार्गे शिक्षक पोहोचू शकतो, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

१९ जून १९८१ रोजी 'अॅपल' हा भारतीय बनावटीचा प्रायोगिक दळणवळण उपग्रह दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून सोडण्यात आला. तत्पूर्वी त्याची एक चाचणी लाकडी बैलगाडीवर ठेवून करण्यात आली होती. धातूच्या वाहनामुळे मोजमापात अडथळा येऊ नये, हा त्यामागील हेतू. बैलगाडीवरील उपग्रहाचे ते छायाचित्र पुढे जगभर प्रसिद्ध झाले. त्याकडे मागासलेपणाची खूण म्हणून पाहणे चुकीचे आहे. हाती असलेल्या साधनाचा तो विचारपूर्वक केलेला उपयोग होता.

सर्वच उपग्रह भूस्थिर नसतात. पिके, जंगले आणि पाणीसाठे यांची छायाचित्रे घेणारे उपग्रह काही शे किलोमीटर उंचीवरून, उत्तर व दक्षिण ध्रुवांच्या जवळून फिरतात. त्यांच्याखाली पृथ्वी फिरत असल्याने दर फेरीस नवा पट्टा त्यांच्या दृष्टीस येतो. मार्च १९८८ मध्ये सोडलेला आयआरएस-१अ हा उपग्रह सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून दर २२ दिवसांनी त्याच भूभागावर परत येत असे. उलटपक्षी, वादळांवर लक्ष ठेवणारे इन्सॅट मालिकेतील उपग्रह भूस्थिर असतात, कारण त्यांना एकाच समुद्राकडे अहोरात्र पाहावयाचे असते. मे २०२१ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यावर आलेल्या तौक्ते चक्रीवादळाची वाटचाल अशाच उपग्रहांच्या चित्रांवरून आधीपासून टिपली जात होती. कोणत्या कामास कोणती कक्षा, हे असे विचारपूर्वक ठरविले जाते.

स्कायलॅबची भीती

वडीलधाऱ्या मंडळींना १९७९ चा जुलै महिना आठवत असेल. अमेरिकेचे 'स्कायलॅब' हे सुमारे ७७ टन वजनाचे अंतराळ स्थानक पडणार, ही वार्ता देशभर पसरली होती. ते कोठे पडेल हे निश्चित सांगता येत नव्हते. अनेक खेड्यांत लोकांनी कामे टाकली, नवस बोलले, जगाचा अंत आला अशी आवई उठली. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब कोसळले. त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातील विरळ वस्तीच्या प्रदेशात पडले. मनुष्यहानी झाली नाही.

अखंड पडत राहूनही जमिनीवर न पोहोचणे हा कक्षेचा नियम असेल, तर स्कायलॅब का आले, असा प्रश्न विचारला जाईल आणि तो योग्यच आहे. याचे कारण हवा. साडेचारशे किलोमीटरच्या आतबाहेर उंचीवरही अतिशय विरळ का होईना, हवा असते. ती उपग्रहाच्या गतीस किंचित अडथळा करते. त्या वर्षांत सूर्य अधिक क्रियाशील झाला, त्यामुळे पृथ्वीचे वातावरण तापून वर फुगले आणि अडथळा अपेक्षेपेक्षा वाढला. स्थानक हळूहळू खाली येत गेले आणि दाट हवेत शिरताच कोसळले. आजचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकही अधूनमधून इंजिन चालवून वर उचलून घ्यावे लागते. भूस्थिर उपग्रहांच्या उंचीवर हवेचा अडथळा जवळजवळ नाही. म्हणून ते खाली येत नाहीत. मात्र चंद्र व सूर्य यांच्या ओढीमुळे ते जागेवरून सरकतात आणि ती दुरुस्ती करण्यासाठी त्यांच्याजवळ इंधन ठेवावे लागते. इंधन संपत आले, की त्यांना आणखी वरच्या कक्षेत नेऊन निवृत्त करण्याची पद्धत आहे.

त्या दिवसांतील भीती खरी होती. तिच्यावर हसण्याचे कारण नाही. परंतु ती अज्ञानातून आलेली होती. आकाशातील वस्तूंपासून वास्तविक काय संभवते आणि काय संभवत नाही, हे माहीत असले म्हणजे मन अकारण घाबरत नाही आणि खऱ्या संकटाकडे दुर्लक्षही होत नाही. सुरतेत याचे एक गंभीर उदाहरण घडलेले आहे.

चंद्राची कक्षा आणि तापीचा पूर

चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या जवळच्या बाजूस अधिक आणि दूरच्या बाजूस कमी असते. या तफावतीमुळे समुद्राचे पाणी दोन्ही बाजूंस फुगते आणि भरती-ओहोटी होते. सूर्यही असाच परिणाम करतो, परंतु चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्येस आणि पौर्णिमेस सूर्य, पृथ्वी व चंद्र साधारण एका रेषेत येतात, तेव्हा दोघांचा परिणाम एकत्र होऊन उधाणाची मोठी भरती येते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांस काटकोनात असतात आणि भांगाची लहान भरती येते. किनाऱ्यावरील कोळी बांधवांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

यात चंद्रकक्षेच्या लांबटपणाचीही भर पडते. चंद्र पृथ्वीपासून कधी सुमारे ३ लक्ष ५७ हजार किलोमीटर, तर कधी ४ लक्ष ६ हजार किलोमीटर अंतरावर असतो. तो जवळ असताना पौर्णिमा किंवा अमावास्या आली, तर भरती नेहमीच्या उधाणाहूनही मोठी होते. खंबायतच्या आखातातील भरती देशातील सर्वांत मोठ्या भरत्यांमध्ये गणली जाते आणि तापी या आखातालगतच समुद्रास मिळते.

तापी मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावते, खानदेशातून वाहते, हतनूर आणि पुढे उकाई धरण ओलांडून सुरतेस येते. नवागामची पुष्कळ कुटुंबे याच नदीच्या खोऱ्यातून तिच्याच प्रवाहाच्या दिशेने येथे आली आहेत. ऑगस्ट २००६ च्या पहिल्या आठवड्यात या खोऱ्यात अतिवृष्टी झाली. उकाई धरणातून सेकंदास सुमारे नऊ लक्ष घनफुटांपर्यंत पाणी सोडावे लागले. ७ ऑगस्टपासून सुरतेत पाणी शिरले आणि शहराचा फार मोठा भाग काही दिवस पाण्याखाली राहिला. घरे, दुकाने, यंत्रमाग आणि आयुष्यभराची पुंजी पाण्यात गेली.

आता पंचांग उघडून पाहावे. ९ ऑगस्ट २००६ रोजी राखी पौर्णिमा होती. लगेच दुसऱ्या दिवशी चंद्र त्या महिन्यातील पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या स्थानी, सुमारे ३ लक्ष ६० हजार किलोमीटरवर आला. म्हणजे नदीत महापूर आणि समुद्रात मोठे उधाण ही दोन्ही एकाच वेळी आली. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी चढलेली असते आणि नदीचे पाणी समुद्रात सहजपणे उतरू शकत नाही. ते मागे तुंबते.

येथे विचारात गल्लत होता कामा नये. पूर चंद्राने आणला नाही. पूर आला तो पावसाने आणि धरणातून सोडाव्या लागलेल्या पाण्याने. चंद्राने पाण्याच्या निचऱ्याची वाट काही काळ अडविली, इतकेच. परंतु या दोन गोष्टींत एक मोठा फरक आहे. पाऊस किती पडेल, हे फार आधी नेमके सांगता येत नाही. उलट चंद्र कोणत्या दिवशी कोठे असेल, हे कित्येक वर्षे आधी गणिताने सांगता येते, कारण त्याची कक्षा नियमाने बांधलेली आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके याच गणिताच्या आधारे आगाऊ प्रसिद्ध होतात. धरणातील पाणीसाठा आणि विसर्ग यांचे नियोजन करताना, तसेच नदीकाठच्या वस्त्यांना सूचना देताना या कोष्टकांकडे पाहणे किती अगत्याचे आहे, हे त्या ऑगस्टने शिकविले. नागरिकांनीही पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे धरणाच्या विसर्गाची वार्ता आली, तर ती अधिक गांभीर्याने घ्यावी.

दुसऱ्या गोलांभोवती

पृथ्वीभोवती फिरणे जसे शक्य, तसेच इतर गोलांभोवतीही. गुरूभोवती चार चंद्र फिरताना गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा सर्व काही पृथ्वीभोवतीच फिरते, या मतास मोठा धक्का बसला.

मानवनिर्मित याने दुसऱ्या गोलाच्या कक्षेत जाताना मात्र एक विशेष कौशल्य लागते. १४ जुलै २०२३ रोजी निघालेले चांद्रयान-३ आधी पृथ्वीभोवतीच लांबट कक्षांत फिरले. दर वेळी पृथ्वीजवळ येताच इंजिन चालवून त्याची कक्षा वाढविण्यात आली, जणू झोपाळ्यास योग्य क्षणी झोका द्यावा त्याप्रमाणे. ५ ऑगस्ट रोजी ते चंद्राजवळ पोहोचले, तेव्हा इंजिन उलट दिशेने चालवून त्याचा वेग कमी करण्यात आला. तसे केले नसते, तर चंद्र त्यास धरून ठेवू शकला नसता. चंद्राचे आकर्षण कमी असल्याने त्याच्याभोवती निकट फिरण्यास सेकंदास सुमारे १.६ किलोमीटर एवढाच वेग पुरतो. पुढे २३ ऑगस्ट २०२३ रोजी या यानाचा अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात सुखरूप उतरला. तत्पूर्वी नोव्हेंबर २०१३ मध्ये निघालेले मंगळयान याच रीतीने वेग कमी करून २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत स्थिरावले होते. या सर्व मोहिमांच्या मुळाशी न्यूटन आणि केप्लर यांचेच नियम आहेत.

समारोप

श्रोतेहो, या विवेचनाचे सार थोडक्यात असे. आकाशातील गोल आणि उपग्रह कोणी धरून ठेवलेले नाहीत आणि कोणी ढकलतही नाही. पुढे जाण्याची त्यांची गती आणि खाली ओढणारे आकर्षण या दोहोंच्या मेळातून त्यांची कक्षा ठरते. ती नियमाने ठरते, म्हणून आधी सांगता येते. जे आधी सांगता येते, त्याचा उपयोगही करून घेता येतो.

शिक्षकांनी हा विषय केवळ पुस्तकातून शिकवू नये. विद्यार्थ्यांस होकायंत्र देऊन गच्चीवरील छत्रीची दिशा पाहावयास सांगावी. ऑक्टोबरमध्ये सकाळी अकराच्या सुमारास दूरदर्शनचे चित्र कोणत्या दिवशी बिघडले, याची नोंद करवून घ्यावी. महिनाभर रोज एकाच वेळी चंद्र कोठे दिसतो, हे वहीत उतरवावयास सांगावे. आठवड्याभरात एखादी हुशार मुलगी स्वतःच सांगेल, की चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, आणि तो का, हेही विचारील. अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी भरतीची कोष्टके धरणाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवावीत. सर्व नागरिकांनी आकाशातील कोणत्याही वार्तेने घाबरून जाण्यापूर्वी तिच्यामागील हिशेब विचारावा.

तापीकाठच्या माणसाला चंद्राची तिथी पूर्वीपासून ठाऊक आहे. त्या तिथीमागचा नियमही त्याला ठाऊक झाला, तर पुढच्या पुराच्या वेळी तो काही तास आधी सावध होईल, आणि पुरात काही तासांचे मोल फार मोठे असते.